भाऊबिजेचा मिक्सर आणि न सापडणारं बिल

पुण्यात राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात सांगते.

त्यांच्या धाकट्या भावाने गेल्या भाऊबिजेला त्यांना तीन जारचा मिक्सर दिला. भाऊ कराडला राहतो, साधी नोकरी करतो, मिक्सर त्याने तिथूनच घेतला होता. चौथ्या महिन्यापासून मोठा जार लावला की जळका वास येऊ लागला, मोटार मधेच बंद पडू लागली, आता जारच्या तळातून पाणीही गळतं. पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, ‘बिल दाखवा, नाहीतर पैसे भरा.’ खोक्यातलं वॉरंटी कार्ड कोरंच आहे, त्यावर दुकानाचा शिक्का नाही. सुट्टीत कराडला गेल्यावर भावाला न सांगता त्या दुकानात विचारून आल्या, तर उत्तर मिळालं, ‘बिलाशिवाय काही होणार नाही, आणि विकलेला माल आम्ही परत घेत नाही.’ भावाकडे बिल मागायला त्यांचं मन धजत नाही. दिलेल्या वस्तूची किंमत बघतेय असं त्याला वाटेल, भावजय काही बोलेल, किंवा तो गुपचूप स्वतःच्या खिशातून नवा मिक्सर आणून देईल, अशी त्यांना धास्ती आहे. नवरा म्हणतो, ‘चार हजारांसाठी डोकं कशाला लावतेस, नवा घे.’ शेजारीण सुचवते, ‘तस्साच मिक्सर इथे विकत घे, आणि त्या बिलावर जुना परत करून टाक.’ हे त्यांना पटत नाही. त्या विचारतात, ‘बिल नाही म्हणजे माझा हक्कच संपला ना? आणि विकत मी घेतलेलाच नाही, मग तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू?’

ताई,

मिक्सरबद्दल तुम्ही पाच-सहा ओळी लिहिल्या आहेत आणि भावाबद्दल जवळजवळ पानभर. म्हणून उत्तरात दोघेही येतील. मिक्सरचं सोपं आहे, ते आधी.

त्याच्याही आधी शेजारणीचा सल्ला. तो मनातून काढून टाका. मिक्सरच्या तळाशी एक पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर छापलेला असतो. बऱ्याच दुकानांत तो नंबर बिलावर टाकतात आणि माल परत घेताना ताडून बघतात. पण पकडलं जाण्याची भीती हे माझं मुख्य कारण नाही. आज तुमची बाजू खरी आहे. पुण्याच्या दुकानाचं बिल लावून जुना मिक्सर तिथे दिलात, तर ज्याने तुमचं काहीच बिघडवलेलं नाही अशा माणसाच्या गळ्यात तुम्ही तो बांधलेला असेल, आणि ज्यांच्याकडे तुमचं खरोखर मागणं आहे ते मोकळे सुटतील. हे तुम्हाला पटत नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्या न पटण्यावर विश्वास ठेवा.

आता ‘बिल नाही म्हणजे हक्कच संपला ना?’ हे वाक्य. शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण वाचताना जाणवतं की तुम्ही ते मानून बसला आहात. दोन काउंटरवरून दोनदा तेच ऐकल्यावर कुणालाही तसंच वाटेल. पण बिल हा खरेदीचा पुरावा आहे. सगळ्यांत सोयीचा, पटकन मान्य होणारा, तरी पुरावाच. सातबाऱ्याचा कागद हरवला म्हणून जमीन जात नाही, आपण नवा उतारा काढतो. बिलाचंही तसंच आहे. त्याची नोंद दुसरीकडे असते आणि ते नसलं तरी खरेदी इतर मार्गांनी दाखवता येते.

दुसरा प्रश्न, विकत मी घेतलेला नाही, याचं उत्तर कायद्याने स्पष्ट दिलेलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत पैसे मोजणारा तर येतोच, शिवाय त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही येते. भावाने ओवाळणीच्या ताटाशेजारी आणून ठेवलेल्या वस्तूला याहून मोठी संमती कुठली असणार? तुम्ही ग्राहक आहात. लग्नात भेट मिळालेल्या फ्रिजबद्दल, मुलाने आईला घेऊन दिलेल्या फोनबद्दल किंवा सासूबाईंनी आणलेल्या कुकरबद्दल ज्यांना असाच संकोच वाटतो, त्यांनाही हे लागू आहे.

कराडच्या दुकानदाराचं वाक्य मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतं. रंग आवडला नाही, घरी आधीच एक आहे, शेजारच्या दुकानात स्वस्त मिळाला, अशा कारणांसाठी माल परत घ्यायचा की नाही हा त्याच्या दुकानाचा नियम असू शकतो. सदोष मालाची गोष्ट निराळी आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं याला हाच कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. भिंतीवरच्या पाटीने ते बदलत नाही. तुमच्यापुरतं एक स्पष्ट सांगते. तुमच्या मिक्सरचा दोष चौथ्या महिन्यात दिसला, तेव्हा ‘पैसे परत’ ही मागणी घेऊन दुकानात उभं राहणं मी सुचवणार नाही. तुमचा रस्ता वॉरंटीचा आहे, म्हणजे आधी दुरुस्ती आणि ती होत नसेल तर बदली. ज्यांच्या वस्तूत पहिल्या आठ दिवसांत खोट दिसते त्यांनी ‘बघू, पुढच्या महिन्यात जाऊ’ करू नये. त्या आठ-पंधरा दिवसांत तुमचं म्हणणं सगळ्यांत वजनदार असतं.

मग पुरावा कुठे शोधायचा? घरातला ड्रॉवर उपसण्यात दिवस घालवू नका. बिल जिथे तयार झालं तिथेच बघा. आज कराडसारख्या गावातही उपकरणांची बरीचशी दुकानं संगणकावर बिल करतात, आणि जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे हिशेब त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या मुदतीनंतर ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, जपून ठेवावेच लागतात. म्हणजे बिलाची नोंद त्याच्याकडे असायलाच हवी. अडचण अशी असते की आपण नुसतं ‘दिवाळीत घेतला होता’ म्हणतो, आणि दिवाळीच्या आठवड्यात त्याने शेकडो बिलं फाडलेली असतात. त्याला तारीख, रक्कम, किंवा बिलावर घातलेला मोबाइल नंबर यांतलं काहीतरी हवं. पैसे यूपीआयने दिले असतील तर भावाच्या फोनमध्ये तारीख, वेळ, दुकानाचं नाव आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक, सगळं असेल. कार्डाने दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. हप्त्यावर घेतला असेल तर कर्जाच्या कागदांत वस्तूचं वर्णनही सापडतं. वॉट्सअॅपवर किंवा एसएमएसने बिलाची लिंक आलेली असू शकते, दुकानाचं नाव टाकून फोनमध्ये शोधायला सांगा. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंचं तर फारच सोपं, खात्यातल्या जुन्या ऑर्डरमधून बिल पुन्हा उतरवून घेता येतं.

यांपैकी काहीच हाती लागलं नाही, तरी मिक्सर स्वतः बोलतो. सिरियल नंबरवरून तो कुठल्या महिन्यात बनला हे कंपनीला कळतं. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कंपनीचा पत्ता आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठीचा नंबर छापणं सक्तीचं आहे, म्हणून खोका टाकू नका. काही कंपन्या बिल नसेल तेव्हा उत्पादनाच्या महिन्यापासून वॉरंटी मोजतात. तुमचा मिक्सर दिवाळीच्या थोडा आधी बनला असेल, तर तो कुठल्याही हिशेबाने वॉरंटीतच असणार. हे काउंटरवरच्या मुलाला विचारून कळणार नाही, कंपनीच्या ग्राहक सेवेलाच विचारावं लागेल.

इथे एक गोष्ट सगळ्यांसाठी सांगते, कारण तिचा फटका मी घरात अनुभवला आहे. माझी आई सगळी बिलं तारेला ओवून ठेवायची आणि वीस-वीस वर्षांपूर्वीचं बिल क्षणात काढून द्यायची. तिच्या पद्धतीने मीही फ्रिजचं बिल जपलं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून. दोन वर्षांनी काढलं तर हातात पांढराशुभ्र कागद. दुकानातल्या छोट्या मशिनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो, तो उष्णतेने काळा होतो आणि त्यातून अक्षरं उमटतात. ऊन, उष्णता, तेलकट हात, प्लास्टिकचं पाकीट, या सगळ्याने ती विरून जातात. लॅमिनेशन करायला गेलात तर गरम रोलरखाली अख्खा कागद काळा होतो. म्हणून घरी आल्या आल्या त्या बिलाचा फोटो काढा आणि सिरियल नंबरच्या पट्टीचाही. वॉरंटी कार्डावर दुकानातच शिक्का, सही आणि तारीख घ्या, ‘घरी जाऊन भरा’ म्हटलं तरी ऐकू नका.

आता नाजूक भाग. तुम्ही गृहीत धरलंय की बिल आहे आणि ते मागण्याचा संकोच आहे. पण बिल मुळात नसेलच तर? ‘पक्कं बिल हवं तर जीएसटी लागेल, कच्च्यावर देऊ का?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मिक्सरवर १८ टक्के कर आहे. दिवाळीत बहिणीसाठी, बायकोसाठी, मुलांसाठी खरेदी करणाऱ्या साध्या नोकरीतल्या माणसाला चार हजारांवर चार-पाचशे रुपये सुटतात असं कुणी सांगितलं, तर तो कच्च्या पावतीवर मान डोलावेल. तसं झालं असेल असं मी म्हणत नाही. पण झालं असेल तर तुमच्या विचारण्याने त्याला लाज वाटेल, हे आधी ध्यानात घ्या, म्हणजे विचारताना आवाज मऊ राहील. आणि त्याला एवढं सांगा की बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे आणि ती दुकानदाराच्या नावावर लागते. कच्ची पावती, वरती ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी, जे असेल ते फेकू नकोस म्हणावं. तारीख आणि वस्तूचं नाव असलेला तो कागदही कामाचा आहे.

विचारायचं मात्र आहेच. मला तुमची धास्ती कळते. ओवाळणीत मिळालेल्या गोष्टीचं मोल काढू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण बिल मागणं म्हणजे मोल काढणं हे कुणी ठरवलं? तुमच्या भावाच्या जागी थोडा वेळ बसून बघा. त्याने पगारातून बाजूला काढलेले चार हजार वाया जात आहेत, बहीण जळक्या वासाचा मिक्सर वापरतेय किंवा ओट्याखाली ढकलून ठेवतेय, आणि ती दुकानात जाऊन आली पण त्याच्याशी बोलली नाही. हे त्याला तिसऱ्याकडून कळलं, आणि कराड काही फार मोठं नाही, तर त्याला कशाचं जास्त वाईट वाटेल? दोष त्याच्या निवडीत नाही, कारखान्यातून आलेल्या एका नगात आहे. मिक्सर त्याला भेट म्हणून द्यावासा वाटला, तो चांगला चालावा असंही त्यालाच सर्वांत जास्त वाटत असणार.

तो गुपचूप नवा आणून देईल ही भीती खरी आहे, असे भाऊ असतात. म्हणून पहिल्याच वाक्यात ती वाट बंद करा. असं काहीसं म्हणा: ‘अरे, तू दिलेल्या मिक्सरची मोटार वॉरंटीत दुरुस्त करून घ्यायची आहे. मला नवा नको, हाच हवा आहे. पैसे भरल्याची नोंद तेवढी पाठव, रक्कम झाकून पाठवलीस तरी चालेल.’ रक्कम झाकून म्हटलं की भावजयीलाही त्यात वेगळं काही दिसणार नाही. नंतर कंपनीने रक्कम विचारलीच तर त्याने ती थेट त्यांना कळवावी. आणि जे वाचक भेटवस्तू देतात त्यांनी ही वेळ दुसऱ्यावर येऊच देऊ नये. किमतीवर कागदाची पट्टी चिकटवून बिलाची झेरॉक्स खोक्यात ठेवली की झालं.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वेळेलाही किंमत असते आणि प्रत्येक लढाई लढायलाच हवी असं नाही. पण ते ज्या लढाईची कल्पना करत आहेत ती बहुतेक येणारच नाही. फार तर दोन फोन आणि सर्व्हिस सेंटरच्या दोन फेऱ्या. कंपनीने पुराव्यानंतरही टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मराठीतून तक्रार नोंदवता येते. ते निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीपुढे ठेवून तिच्याकडून उत्तर मिळवायचा प्रयत्न करतात, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं. पुण्यातच १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं, तेव्हा आपल्याकडे ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. त्या परंपरेतले कार्यकर्ते आजही मार्गदर्शन करतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दुकान कराडला असलं तरी तुम्ही राहता त्या पुण्यात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर पाच महिने सांगितलेले आहेत, पण प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त वेळ जातो. चार हजारांच्या मिक्सरसाठी तिथवर जायचं का, हे त्या वेळी तुमच्या ताकदीने ठरवा. गेला नाहीत तर तो पराभव समजू नका. चाळीस हजारांचं वॉशिंग मशिन असतं तर मी ‘जाच’ म्हटलं असतं.

या आठवड्यात काय करायचं ते आता. पहिलं, मिक्सर वापरणं थांबवा. मोटारीतून जळका वास आणि वरून गळणारं पाणी हे विजेच्या वस्तूत एकत्र असणं धोक्याचं आहे. दुसरं, नुसता मधेच बंद पडतोय म्हणून मोटार गेली असं समजू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाला एक लहान लाल बटण असतं. मोटारीवर ताण आला की ते उडतं आणि मिक्सर बंद पडतो, थंड झाल्यावर दाबलं की पुन्हा सुरू होतो. ते बटण वारंवार उडत असेल तर तेही सेंटरला सांगा. तिसरं, तुम्ही स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारा की मोठ्या जारमध्ये काय वाटत होतात. हळकुंडं, पुष्कळसा खडा मसाला एकदम, किंवा इडलीचं पीठ न थांबता बराच वेळ, असं झालं असेल तर कंपनी वापरातली चूक म्हणू शकते. माहितीपत्रकात सलग किती मिनिटं चालवायचा हे लिहिलेलं असतं, ते वाचून जा. तसं काही झालं असेल तर लपवू नका. गळणाऱ्या जारची तक्रार त्यानंतरही उभी राहते, कारण ते ब्लेडखालच्या बुशचं किंवा वॉशरचं काम आहे आणि चार महिन्यांत ते जायला नको होतं. जारमधून गळलेलं पाणी मोटारीत उतरून वास येत असण्याचीही शक्यता आहे, ती तपासायला सांगा.

सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगून परत येऊ नका. कंपनीला ईमेल करा आणि त्याचीच प्रत काउंटरवर द्या. मजकूर एवढाच पुरे:

‘माझ्याकडे तुमच्या कंपनीचा अमुक मॉडेलचा मिक्सर असून त्याचा सिरियल नंबर अमुक आहे. तो माझ्या भावाने कराड येथील अमुक दुकानातून अमुक तारखेला घेऊन मला भेट दिला. पैसे भरल्याची नोंद सोबत आहे. चालवताना जळका वास येतो, मोटार मधेच बंद पडते आणि मोठ्या जारच्या तळातून पाणी गळतं. वॉरंटीत दुरुस्ती करून द्यावी, ती शक्य नसल्यास मिक्सर बदलून द्यावा. नकार असल्यास कारणासह पंधरा दिवसांत लेखी कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, लिहून द्यायची वेळ आली की वरच्या माणसाला विचारावं लागतं आणि पुष्कळदा तिथेच उत्तर बदलतं. मिक्सर त्यांच्याकडे ठेवाल तेव्हा जॉबशीट, म्हणजे वस्तू दुरुस्तीला घेतल्याची पोच, घेतल्याशिवाय निघू नका. त्यावर सिरियल नंबर, तक्रार आणि तारीख आहे ना, हे उभ्या उभ्या वाचून बघा. पुढे कधी काही लागलं तर हा कागद बिलाइतकाच उपयोगी पडेल. आणि मोठा जार बरोबर न्या. जळका वास तोच जार लावल्यावर येतो असं तुम्ही लिहिलंय, आणि नुसतं खालचं मशिन नेलंत तर ते तिथे दोन मिनिटं रिकामं फिरवून ‘चालतंय की’ म्हणतील.